पानगळीच्या थराखालून कंदांना कोंब आले आहेत : वाफ्यावरचा पाला किती काढावा आणि किती ठेवावा?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. आमच्या घरामागच्या वाडीत भुईचाफा, अमरिलिस, निशिगंध आणि फुटबॉल लिली असे चार प्रकारचे कंद आहेत आणि पलीकडच्या दोन वाफ्यांत घरापुरती हळद असते. वाडीच्या एका कडेला जुना कडुनिंब आणि धुऱ्यावर सागाची रांग असल्यामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंत या सगळ्या वाफ्यांवर पानांचा थर साचत जातो. त्यातच मागच्या पावसाळ्यातल्या झेंडूची आणि तेरड्याची वाळलेली खोडे, हळदीचा पाला आणि गवत मिसळलेले असते. आता थंडी ओसरली आहे, दुपारचे ऊन चटकू लागले आहे, आणि पाला थोडा बाजूला करून पाहिले तर अमरिलिसचे दांडे बोटभर वर आले आहेत व निशिगंधाच्या गड्ड्यांतून नवी पाती निघत आहेत. भुईचाफ्याचे मात्र अजून काहीच दिसत नाही.

घरात यावर दोन मते आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की होळीच्या आधी वाडी झाडून स्वच्छ करावी, कारण पाल्यात विंचूकाटा राहतो आणि वाळवी लागते. दीर शेती पाहतात. ते म्हणतात की उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन उघडी टाकू नये. परदेशी बागांचे जे व्हिडिओ पाहायला मिळतात त्यांतही एकवाक्यता नाही. काहींत वसंत लागताच वाफे मोकळे करायला सांगतात, तर काहींत ऊब येईपर्यंत पाल्याला हातच लावू नका असे सांगतात. जमीन काळी आहे, वाफ्यांना न्हाणीचे पाणी जाते आणि अधूनमधून विहिरीचे पाणी देतो.

मला विचारायचे ते असे की पाला केव्हा काढावा, सगळा काढावा की थोडा, कोंब न मोडता तो कशाने काढावा, आणि काढलेल्या पाल्याचे पुढे काय करावे. शेजारी सगळे पेटवून राख झाडांना घालतात. ते योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.


उत्तर (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ताई, कोंबाच्या तोंडावरचा पाला हाताने बाजूला करावा आणि तोच पाला दोन कोंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहू द्यावा, हे माझे थोडक्यात उत्तर आहे. वाफा झाडून काढू नये. कारणे जरा सविस्तर लिहितो, म्हणजे कोणत्या कंदाशी कसे वागायचे ते आपल्याला स्वतःलाच ठरवता येईल.

परदेशी व्हिडिओंतला सल्ला तिथल्या हवामानाला धरून दिलेला असतो. तिथे जमीन हिवाळ्यात गोठते, दिवसा थोडी वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि या फुगण्या-आकसण्यात कंद वर ढकलले जातात. पाल्याचा थर ही उलथापालथ कमी करतो, म्हणून तो हिवाळाभर ठेवतात. पुढे बर्फ वितळल्यावर तोच थर चिंब ओला राहून कोंब कुजवू शकतो, म्हणून तो काढतात. ऊब येईपर्यंत थांबा असे जे सांगतात, त्यांचे लक्ष पोकळ खोडांत आणि पानांखाली हिवाळा काढणाऱ्या उपयोगी कीटकांकडे असते. दोघांचेही म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. मात्र त्यांचे कंद ट्यूलिप आणि डॅफोडिलचे असतात, ज्यांना नीट फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवड्यांची सलग थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळ ट्यूलिपची बाग बहरते ती त्या थंडीमुळे. आपल्या वाफ्यांतले कंद उष्ण प्रदेशातले आहेत आणि त्यांची गरज निराळी आहे.

आपल्या थंडीने कंदाचे फारसे बिघडत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी तशी थंडी फार दिवस टिकत नाही आणि जमीन गोठत नाही. खरा त्रास पुढे असतो. त्याच नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली, आमच्या ब्रह्मपुरीतही मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर तर दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. शिवाय काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. तिला पडणाऱ्या भेगांत कंदांची बारीक मुळे तुटतात आणि त्याच भेगांवाटे खोलवरची ओलही उडून जाते. म्हणून फाल्गुनात आपण जो पाला उचलून फेकतो तोच वैशाखात आपल्याला हवा असतो, आणि तेव्हा झाडाखाली तो शिल्लक नसतो. आपल्या दिरांचे म्हणणे या बाबतीत पूर्ण बरोबर आहे.

आता एकेका कंदाविषयी लिहितो.

अमरिलिस, म्हणजे ज्याला शास्त्रात हिप्पीॲस्ट्रम म्हणतात, हा दक्षिण अमेरिकेतला कंद आहे. त्याची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. मानेभोवती ओला पाला साचला, त्यात न्हाणीचे पाणी रोज मुरत राहिले, तर मान कुजते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा कंद आतून मऊ पडतो. म्हणून या वाफ्यात प्रत्येक मानेभोवती चार बोटे जागा आत्ताच मोकळी करावी. मागच्या वर्षाची जी पाने अजून हिरवी आहेत ती कापू नयेत, कारण तीच कंदाला पोसतात. जी पिवळी पडून हलक्या ओढीने सुटून येतात तेवढीच काढावीत. पानांवर किंवा दांड्यावर लालसर लांबट डाग दिसले तर तो बुरशीचा रोग असतो. तसा भाग कापून वाफ्याबाहेर न्यावा आणि खताच्या खड्ड्यात टाकू नये.

निशिगंध मूळचा मेक्सिकोतला, पण आता तो आपल्याकडे इतका रुळला आहे की राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा 'फुले रजनी' हा वाणही काढला आहे. थंडीत त्याची वाढ थांबते, पानांची टोके वाळतात आणि तापमान वाढू लागले की गड्ड्यातून नवी पाती निघतात. त्याच्या गड्ड्यात पाला अडकून बसतो, तो बोटांनी सोडवून काढावा. जुने फुलांचे दांडे आत्तापर्यंत पूर्ण वाळलेले असतील, ते बुडापासून कापावेत. पाती निघालेल्या गड्ड्याभोवती पाल्याचा पातळ थर असला तरी चालतो, कारण याची पाती अरुंद आणि ताठ असल्यामुळे ती थरातून सहज वर येतात.

सर्वांत जास्त सांभाळायचा तो भुईचाफा. त्याचे काहीच दिसत नाही म्हणून काळजी करू नये. तो हळदीच्या कुळातला असून त्याची पाने थंडीत पूर्ण नाहीशी होतात, आणि उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट जमिनीतून फूल येते. पाने त्यानंतर, पावसाच्या सुमारास येतात. त्यामुळे चैत्रात त्याची कळी मातीच्या पातळीला, पाल्याच्या थराखालीच असते. तिचा देठ ठिसूळ असतो आणि त्या जागेवर एकदा दाताळे फिरले की त्या कोंबाची त्या वर्षाची फुले गेलीच. फूल एखाद-दुसरा दिवसच टिकते, पण एका कोंबातून एकामागून एक फुले येत राहतात. म्हणून भुईचाफ्याच्या वाफ्यावरचा मोठा पाला, विशेषतः सागाची पाने, आत्ताच उचलून घ्यावा, कडुनिंबाच्या बारीक पानांचा बोटभर थर तसाच ठेवावा आणि पुढे दर दोन-चार दिवसांनी हाताने चाचपून पाहावे. पाने येईपर्यंत त्याला पाणीही बेताचेच द्यावे, कारण पाने नसताना फार ओल झाली तर कंद कुजतो. न्हाणीच्या पाण्याचा पाट या वाफ्यात येत असेल तर तो या दिवसांत दुसरीकडे वळवलेला बरा.

फुटबॉल लिलीची घाई नाही. तिचे लाल फूल बहुधा मे महिन्यात, वळवाच्या सरींच्या सुमारास येते, तोवर तिच्यावरचा थर हलवू नये. हळद काढून झाली असेल तर त्या रिकाम्या वाफ्यातला पाला इतर वाफ्यांसाठी वापरता येतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा हळदीविषयी आम्ही आपल्याला काय सांगावे!

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. दाट पाल्याखाली वाढलेला कोंब पिवळट आणि नाजूक असतो. त्याच्यावरचा सगळा पाला सकाळी एकदम काढला तर दुपारपर्यंत तो उन्हाने भाजतो. म्हणून काढण्याचे काम एका दमात न करता थर आधी अर्धा करावा, कोंब हिरवे होऊ द्यावेत आणि मग उरलेले बाजूला सारावे. हे काम सायंकाळी ऊन उतरल्यावर, पण पुरेसा उजेड असताना करावे. दाताळे, फावडे ही अवजारे वाफ्याच्या बाहेरच्या वाटेपुरती ठेवावीत. वाफ्यात लांब काडी आणि हात, एवढेच पुरे.


उत्तर (कुरखेडा, जि. गडचिरोली)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत असलो तरी "हाताने चाचपून पाहावे" हे मला तितकेसे पटत नाही, आणि ताईंच्या सासूबाईंची भीती बाजूला सारण्यासारखी नाही, हे सांगण्यासाठी लिहीत आहे. आमच्या भागात घराभोवतीच्या पाल्यात विंचू तर निघतातच, शिवाय मण्यार आणि घोणसही निघतात, आणि घोणस वाळलेल्या पानांच्या रंगात अशी मिसळून जाते की हातभर अंतरावरूनही नजरेस पडत नाही. उन्हे वाढू लागली की न्हाणीच्या पाण्याने ओल्या राहिलेल्या वाफ्यांत बेडूक येतात, उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतात.

यासाठी पाला काढून टाकण्याऐवजी त्याची जागा आणि जाडी ठरवावी. दाराजवळ, न्हाणीजवळ, कोठ्याजवळ आणि लहान मुले खेळतात तिथे पाला मुळीच नसावा; ती जागा सासूबाई म्हणतात तशी झाडून स्वच्छच ठेवावी. वाफ्यात थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नसावा. एवढ्या थरात साप सहसा लपून राहत नाही, तो राहतो ढिगाऱ्यात, लाकडांच्या चळतीत आणि विटांच्या फटींत. म्हणून पाला काढून वाडीच्या कोपऱ्यात ढीग घालून ठेवणे हे सर्वांत वाईट. तो एकतर पसरावा, नाहीतर त्याच दिवशी खड्ड्यात टाकून मातीने झाकावा.

काम करताना पायात बूट असावेत. आधी लांब काठीने पाला हलवून थोडा वेळ थांबावे आणि मगच हात घालावा. रात्री किंवा पहाटेच्या अंधुक उजेडात फुले पाहायला वाफ्यात उतरू नये, आणि भुईचाफ्याची कळी पाहायची झाली तरी पाला काडीनेच उचलावा. दुर्दैवाने साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयात न्यावे, कारण विषावरची लस तिथे मिळते.


उत्तर (दर्यापूर, जि. अमरावती)

पेटवण्याविषयी आणि राखेविषयी आपण विचारले आहे. आमचा सगळा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यात, येतो, म्हणून या विषयावर मी थोडे अधिकाराने लिहू शकतो.

विदर्भातल्या काळ्या जमिनी बहुतेक आधीच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, असतात. लाकडाची किंवा पाल्याची राखही विम्लच असते. कोकणातल्या आम्ल जमिनीत राख घातल्याने फायदा होतो, तोच सल्ला इथे लागू पडत नाही. आपल्याकडे राख वाढत गेली की लोह आणि जस्त ही अन्नद्रव्ये जमिनीत असूनही मुळांना मिळेनाशी होतात आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अमरिलिस आणि निशिगंधात ही लक्षणे दिसली की लोक पाणी वाढवतात, त्यामुळे उलट कंद कुजण्याची भीती निर्माण होते. चुलीतली राख मूठभर कधीतरी पडली तर काही बिघडत नाही. मात्र पाल्याचे ढीग जाळून ती राख दरवर्षी त्याच वाफ्यांत टाकणे योग्य नाही. शिवाय त्या पाल्यातला नत्र धुराबरोबर निघून जातो, म्हणजे झाडाने वर्षभर जमिनीतून उचललेले आपण हवेत सोडून देतो.

दुसरा मुद्दा क्षारांचा. जमीन उघडी असली की तिच्यातले पाणी वरून उडून जाते आणि पाण्यात विरघळलेले क्षार वरच्या थरात उरतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वाफ्यांवर जो पांढरा फुफाटा दिसतो तो हाच. विहिरीचे पाणी जड असेल, किंवा न्हाणीच्या पाण्याबरोबर साबण आणि कपड्यांची पावडर येत असेल, तर खारपाणपट्ट्याबाहेरही हे होते. पाल्याच्या थराने बाष्पीभवन कमी होते, पाणी कमी लागते आणि जितके पाणी कमी तितके क्षारही कमी येतात. आमच्या भागात वाफा झाकून ठेवणे हे कंद जगण्या-मरण्याइतके महत्त्वाचे आहे. आपल्याकडे तितकी निकड नसेल, तरी कपडे धुतलेले पाणी तेवढे कंदांच्या वाफ्यांपासून दूर काढावे.

आणि आगीचा धोका तर निराळाच. फाल्गुन-चैत्रात वारा सुटतो, शेतात गव्हाच्या काड्या असतात, घरोघरी कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचे, ढीग आणि कडब्याच्या गंज्या असतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ धरतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग पुढे जंगलात शिरते, हे पूर्व विदर्भातल्या लोकांना नव्याने सांगायला नको. घराजवळच्या वाडीत आणि धुऱ्यावर सागाची रांग असताना पाला पेटवूच नये.


प्रश्नकर्तीकडून (समुद्रपूर)

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी सासूबाईंना वाचून दाखवली आणि दार, न्हाणी, कोठा यांच्याजवळची जागा स्वच्छ ठेवून वाफ्यांत पातळ थर ठेवायचा, हे त्यांनाही पटले. अमरिलिसच्या माना आज मोकळ्या केल्या.

दोन शंका उरल्या आहेत. सागाची पाने इतकी मोठी आहेत की ती तशीच पसरली तर खाली पाणीच जात नाही आणि त्यांच्या खालच्या बाजूला वाळवीने मातीचे लिंपण केलेले दिसते. या पानांचे काय करावे? आणि शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून ठेवली आहे, तिचे तुकडे करून वाफ्यांवर टाकले तर चालतील का?

ब्रह्मपुरीच्या भाऊंना आणखी एक विचारायचे आहे. मागच्या पावसाळ्यात अमरिलिसवर काळ्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या पडून दोन-तीन दिवसांत पाने फस्त झाली होती. पाला ठेवल्याने त्या पुन्हा येतील का?


उत्तर (पुसद, जि. यवतमाळ)

पऱ्हाटीचे आधी सांगतो : ती वाडीत आणू नये. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच शेतात पसरते. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कापूस उत्पादकांचे जे हाल केले ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. हंगाम संपताच पऱ्हाटीची विल्हेवाट लावावी हा कृषी विद्यापीठाचा सल्ला त्यासाठीच असतो. वाफ्यावर ती पसरली तर ती लवकर कुजणारही नाही आणि अळीला मात्र आयता आसरा मिळेल. त्याऐवजी सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे जनावरांच्या खाण्यातून उरलेले कुटार वापरावे. ते बारीक असते, पाणी खाली जाऊ देते आणि कोंबाला अडवत नाही. फक्त ते हलके असल्यामुळे वाऱ्याने उडते, म्हणून पसरल्यावर त्यावर पाणी शिंपडावे.

सागाचे पान आच्छादनासाठी सर्वांत वाईट आणि खतासाठी चांगले. ते जसेच्या तसे पसरले की एकावर एक पाने बसून छत तयार होते, पाणी वरच्या वर वाहून जाते आणि खाली कोरडे राहते. कोरडा पाला हेच वाळवीचे अन्न आहे. वाळवी दिसली म्हणून लगेच औषध ओतण्याची गरज नाही. लिंपण मोडून पाने उचलून घ्यावीत, खालची माती हलकी ओली करावी आणि कंदाच्या मानेला पाला टेकू देऊ नये, एवढे केले तरी बराच फरक पडतो. कडुनिंबाच्या पानांचे तसे नाही. ती लहान असतात, लवकर कुजतात, आणि आच्छादन म्हणून मला तरी त्यांच्यापेक्षा चांगले काही माहीत नाही.

उचललेल्या सागाच्या पानांसाठी आमच्या गावचीच पद्धत सांगतो. पुसदचे नाडेप काका पांढरीपांडे यांनी घालून दिलेली खताची रीत आज देशभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे मर्म असे की थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवता येतो. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा विटांच्या, भिंतीत भोके ठेवलेल्या टाक्यात सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला शेण जेमतेम ९० ते १०० किलो लागते आणि त्याच्यासोबत चाळलेली माती सुमारे १७५० किलो. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, अशी भरणी करून वरून शेणमातीने लिंपून टाकायचे आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

आपल्या वाडीला एवढे मोठे टाके लागणार नाही. जुन्या विटा कोरड्या रचून, मध्ये मध्ये फटी ठेवून, कमरेएवढा लहान चौक केला तरी तत्त्व तेच राहते. सागाची पाने आधी अंगणात पसरून पायाखाली तुडवावीत किंवा बडवून चुरा करावीत, म्हणजे ती लवकर कुजतात. टाके सावलीत असावे आणि उन्हाळ्यात त्याला अधूनमधून पाणी द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी विसरले तर पाला कुजत नाही, नुसता वाळतो. आत्ता भरलेले टाके मृगाच्या पावसापर्यंत तयार होते, म्हणजे हळद लावायच्या वेळी खत हाताशी येते.

कच्चा पाला मात्र मातीत मिसळू नये. वरून पसरलेला पाला हळूहळू कुजतो आणि मुळांना त्याचा त्रास होत नाही. तोच खणून मातीत घातला तर त्याला कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतला नत्र काही काळ स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाडे पिवळी पडतात. अर्धवट कुजलेल्या शेणखताचेही तसेच, शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि त्या मुळे व कंद कुरतडतात.


उत्तर (ब्रह्मपुरी)

कुरखेड्याच्या भाऊंची सूचना मला मान्य आहे. काठीने हलवून मगच हात घालावा, आणि भुईचाफ्याच्या वाफ्यात काडीच वापरावी.

ताई, आपण वर्णन केलेल्या अळ्या लिलीवरच्या पतंगाच्या असाव्यात. त्या अमरिलिस, फुटबॉल लिली आणि रानातली कळलावी या सर्वांवर येतात आणि मुख्यतः पावसाळ्यात दिसतात. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत उतरून कोष करते. त्यामुळे ज्या वाफ्यात मागच्या वर्षी अळ्या होत्या, तिथे पाल्याचा नियम थोडा बदलावा लागेल. फुले येऊन गेल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला, त्या वाफ्यातला पाला एका बाजूला ओढून दोन कंदांमधली माती खुरप्याने बोटभर खोल हलवावी आणि तीन-चार दिवस उघडी ठेवावी. कोष वर येतात, काही उन्हाने मरतात आणि काही साळुंक्या व कोतवाल टिपतात. कंदापासून वीतभर अंतर सोडूनच खुरपे चालवावे, कारण त्याची मुळे कंदाच्या जवळच दाट असतात. त्यानंतर ऊन कडक होण्याच्या आत पाला पुन्हा पसरावा. पावसाळ्यात पानांच्या मागे अंड्यांचे पुंजके दिसतात का ते पाहत राहावे. पुंजका असलेले पान तेवढे तोडून साबणाच्या पाण्यात टाकले तर फवारणीची वेळ सहसा येत नाही.

कळलावीचा उल्लेख आलाच आहे, तर धुऱ्यावर ती असेल त्यांच्यासाठी लिहितो. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन टोकांचा असतो आणि वाढीचा डोळा त्या टोकाशीच असतो. ते टोक मोडले तर त्या बाजूने पुन्हा फुटत नाही. ती पावसाच्या तोंडावर उगवते, म्हणून आत्ता तिच्या जागेवर खूण म्हणून काठी रोवून ठेवावी आणि तिथला पाला हलवू नये. तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, अतिशय विषारी असतात. हळदीच्या किंवा सुरणाच्या कंदांत ती मिसळणार नाही याची काळजी घ्यावी आणि गुराढोरांना तिथे चरू देऊ नये.

निशिगंधाविषयी एक गोष्ट आधी लिहायची राहिली. त्याचा जो कंद एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही, पुढची फुले त्याच्या भोवती आलेली पिल्ले देतात. दोन-तीन वर्षे खोडवा ठेवला, म्हणजे तेच कंद न उपसता जागेवर राहू दिले, की पिल्लांची दाटी होऊन दांडे बारीक येऊ लागतात. आपल्या गड्ड्यांत आत्ता पाती पुष्कळ आणि अगदी बारीक दिसत असतील, तर पाला काढण्याच्या याच वेळी तो गड्डा उपसावा. दीड ते तीन सेंटीमीटर जाडीचे कंद निवडून वेगळे लावावेत, अगदी लहान पिल्ले दुसऱ्या कोपऱ्यात वाढायला ठेवावीत आणि जुने, सुरकुतलेले कंद काढून टाकावेत. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे, पुढचे पाणी वरची माती सुकल्यावरच द्यावे, आणि कडुनिंबाचा पाला दोन इंच पसरावा. हे मार्चअखेरपर्यंत उरकले तर पावसाळा लागेपर्यंत कंद चांगले धरतात. गड्डे मोकळे आणि पाती रुंद असतील तर यंदा ते हलवू नयेत.


उत्तर (कुरखेडा)

निशिगंधाचे गड्डे उपसताना जुन्या कंदांचा जो ढीग पडतो तोही कोपऱ्यात राहू देऊ नये, कारण उंदीर त्याच्यावर येतात. तो पुसदच्या भाऊंनी सांगितलेल्या टाक्यात, पाल्याच्या मधल्या थरात टाकावा आणि वरून माती द्यावी. रोगट कंद असतील तर ते मात्र टाक्यात नको, वाडीबाहेर खोल खड्ड्यात पुरावेत.